ओट्याची उंची आणि गिलब्रेथबाई

थर्ब्लिग हा शब्द आपल्यापैकी मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांनी ओरलच्या आदल्या रात्री पाठ केलेला असतो. शोधणे, पकडणे, नेणे, जागेवर बसवणे, सोडणे अशा सतरा-अठरा मूळ हालचाली आणि प्रत्येकीचं वेगळं चिन्ह. गिलब्रेथ हे आडनाव उलटं वाचलं (शेवटचा 'थ' मात्र अखंड ठेवायचा) की थर्ब्लिग होतं, एवढी गंमत सर वर्गात सांगतात आणि लगेच टाइम स्टडीकडे वळतात. आपल्या डोळ्यांसमोर कोणी तरी कोट-टायवाला साहेब स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. साहेब होता हे खरं. पण त्या आडनावामागे माणसं दोन होती, आणि दुसरी व्यक्ती पहिलीपेक्षा जवळजवळ अर्धं शतक जास्त काम करत राहिली. तिच्यामुळेच आज तुमच्या घरी ओट्याखाली ट्रॉल्या आहेत, गॅसशेजारी सामान ठेवायला जागा आहे आणि फ्रिजच्या दारात अंडी ठेवायचे खळगे आहेत, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तिचं नाव लिलियन मोलर गिलब्रेथ.

लिलियनचा जन्म २४ मे १८७८ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात. घर खाऊनपिऊन सुखी, वडील व्यापारी. भावंडं भरपूर आणि ही सगळ्यांत मोठी. आईची प्रकृती नाजूक असल्यामुळे धाकट्यांना सांभाळायचं काम हिच्याकडे आलं. स्वभाव इतका लाजरा, की सुरुवातीची काही वर्षं शिक्षण घरीच झालं. चांगल्या घरातल्या मुलीला कॉलेजची गरज काय, असं वडिलांचं मत होतं. (हे वाक्य ऐकल्यासारखं वाटतंय ना? बरोबर आहे.) तरी ती बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली, १९०० साली पदवीधर झाली आणि त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात तिने भाषण केलं. तिथे असं भाषण करणारी ती पहिली स्त्री. विषय इंजिनिअरिंग नव्हता हं, साहित्य होता. पुढे १९०२ मध्ये त्याच विषयात मास्टर्स.

१९०४ साली तिचं फ्रँक गिलब्रेथशी लग्न झालं. हा गडी एकदम दुसऱ्या टोकाचा. बोलका, धिप्पाड, उत्साहाचा झरा. कॉलेजात न जाता सतराव्या वर्षी तो गवंडीकाम शिकायला लागला होता. शिकताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक मिस्त्री वीट वेगळ्या तऱ्हेने रचतो, आणि शिकवताना एक तऱ्हा सांगतो, घाईत असला की दुसरीच वापरतो. मग फ्रँक मोजत सुटला. एक वीट रचायला अठरा हालचाली होत होत्या, त्या त्याने साडेचार-पाचांवर आणल्या. तासाला सव्वाशेच्या आतबाहेर विटा रचणारा माणूस साडेतीनशेपर्यंत गेला. हे सगळं आपल्या पुस्तकात आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण वाचून विसरतो. फ्रँकने गवंड्याला जास्त जोर लावायला सांगितलं नाही, त्याने परात बदलली. भिंत जसजशी चढेल तसतशी वर सरकवता येईल अशी पहाड बांधली. तिच्यावर विटा आणि माल कमरेच्या उंचीला येतील अशी फळी ठेवली. म्हणजे दर विटेमागे वाकून उठणं बंद. दिवसाला हजार वेळा स्वतःचंच धड उचलायचं काम वाचलं.

ही उंचीची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

लग्नानंतर लिलियन नवऱ्याच्या धंद्यात उतरली ती हिशेब ठेवायला नव्हे. बांधकामाच्या जागी पहाडांवर चढून तिने काम समजून घेतलं. फ्रँकला हालचाल दिसायची, हिला हालचाल करणारं माणूस दिसायचं. कामगार का थकतो, का कंटाळतो, नवी पद्धत आली की का बिथरतो, हे प्रश्न तिचे. तिने मानसशास्त्र घेतलं. बर्कलीसाठी प्रबंध लिहिला, पण तिथे ठराविक काळ राहण्याची अट आडवी आली आणि डिग्री मिळाली नाही. तो प्रबंध १९१४ साली 'सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट' या नावाने पुस्तकरूपात आला. लेखक म्हणून काय छापलं? एल. एम. गिलब्रेथ. लेखिका बाई आहे हे कळलं तर पुस्तकाचं वजन कमी होईल, असं प्रकाशकाला वाटत होतं. शेवटी १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठातून तिने पीएच. डी. मिळवलीच, घरात लहान मुलांचा गोतावळा असताना.

गोतावळा म्हणजे किती? एकूण बारा मुलं. मेरी नावाची एक मुलगी १९१२ मध्ये घटसर्पाने गेली, पाच वर्षांची होती. उरलेली अकरा मोठी झाली. त्यातल्या दोघांनी, म्हणजे अर्नेस्टीन आणि धाकटा फ्रँक यांनी, १९४८ साली 'चीपर बाय द डझन' हे घरातल्या धमालीचं पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. २००३ साली त्याच नावाचा स्टीव्ह मार्टिनचा सिनेमा आला होता, तो हॉस्टेलच्या एखाद्या पीसीवर पाहिला असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. त्यात नाव आणि बारा मुलं सोडून मूळचं जवळजवळ काहीच नाही. मूळ पुस्तकाचा हिरोही बापच आहे. आई मागे शांतपणे हसत उभी. ती डॉक्टरेट झालेली इंजिनिअर होती, हे वाचून संपवल्यावरही ध्यानात राहत नाही.

१४ जून १९२४. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर गावी हे कुटुंब राहत होतं. फ्रँक स्टेशनवरून घरी फोन करत होता आणि बोलता बोलताच हृदयविकाराने गेला. वय पंचावन्न. पाचच दिवसांनी त्याला युरोपला निघायचं होतं, लंडन आणि प्रागला परिषदा होत्या. थोरली मुलगी अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोनची. लिलियनने मुलांना गोळा केलं, सगळ्यांशी बोलली, आणि ठरलेल्या जहाजाने स्वतः गेली. फ्रँकच्या जागी परिषदेत उभी राहिली.

परत आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. वीस वर्षं दोघांनी मिळून चालवलेली कन्सल्टिंग फर्म होती. पण कारखानदारांनी एकेक करून कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायला नकार दिला. काम तेच, पद्धत तीच, निम्मी अक्कल तर आधीपासून तिचीच. फक्त शॉपफ्लोअरवर सल्ला द्यायला बाई येणार हे त्यांना पटत नव्हतं. अकरा मुलांची कॉलेजं व्हायची होती. (अकराही जण कॉलेजात गेले, हे आत्ताच सांगून टाकतो.) तिने घरातच मोशन स्टडीचे वर्ग काढले, त्यांना कंपन्या आपली माणसं पाठवू लागल्या. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात तिने कॅशिअर आणि विक्रेत्या मुलींच्या कामाचा अभ्यास केला. जॉन्सन अँड जॉन्सनसाठी सॅनिटरी नॅपकिनवर संशोधन केलं, तेही १९२६-२७ च्या सुमाराला, जेव्हा कोणी त्या विषयावर तोंड उघडत नव्हतं.

आणि मग ती स्वयंपाकघराकडे वळली. बाईने कारखान्यातलं सांगितलेलं ऐकायचं नाही, पण चुलीबद्दल सांगितलं तर ऐकायचं, असा जगाचा न्याय. दार बंद झालं म्हणून ही बाई मागच्या दाराने आत शिरली. पण तिथेही तिने इंजिनिअरिंगच केलं, पाककृती नाही.

त्या काळची अमेरिकन घरं कशी असत ते आधी पाहू, नाहीतर तिने काय केलं हे कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या घरात स्वयंपाकघर म्हणजे एक मोठी खोली, मागच्या अंगाला, कारण तिथे नोकरमाणसं राबायची. शेगडी एका भिंतीला, भांडी धुवायचं सिंक समोरच्या भिंतीला, मधोमध टेबल. धान्य-पीठ-साखर कोठीच्या वेगळ्या खोलीत. बर्फाची पेटी कुठे तरी दाराजवळ किंवा पडवीत. भिंतीत बसवलेली कपाटं जवळपास नाहीतच. विसाव्या शतकात नोकर महाग झाले, मिळेनासे झाले, आणि घरच्या बाईच्या वाट्याला ती खोली जशीच्या तशी आली. इंडियाना राज्यात बनणारं 'हुजिअर' नावाचं एक फडताळ तेव्हा फार लोकप्रिय होतं. उभं कपाट, त्यात पिठाचा डबा आणि त्याला खालून चाळणी, मसाल्यांसाठी कप्पे, मधून ओढून बाहेर काढायची कामाची फळी. लाखांनी खपलं. कल्पना उत्तम होती. पण फडताळ एका कोपऱ्यात आणि शेगडी दुसऱ्या, मग चालणं काही संपत नाही.

लिलियनबाईंच्या आधी कोणी हा विचार केला नव्हता असं नाही. क्रिस्टीन फ्रेडरिक या लेखिकेने १९१२ पासून घरकामातल्या कार्यक्षमतेवर लिहायला सुरुवात केली होती. तिकडे जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, आणि तशी दहा हजारांच्या घरात बसवली गेली. पण गिलब्रेथबाईंकडे मोजण्याची वीस वर्षांची सवय होती. १९२७ साली 'द होम-मेकर अँड हर जॉब' हे त्यांचं पुस्तक आलं. फ्रँकने १९२१ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलेला प्रोसेस चार्ट बाईंनी भांडी घासण्याला लावला.

ब्रुकलिनमध्ये एक गॅस कंपनी होती. तिच्या अध्यक्ष मेरी डिलन. त्या कंपनीत साध्या क्लार्क म्हणून लागून थेट सर्वांत वरच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या. विजेच्या शेगड्या बाजारात येत होत्या आणि गॅसवाल्यांना आपली शेगडी खपवायची होती, हा भाग उघडच आहे. डिलनबाईंनी गिलब्रेथबाईंना बोलावलं, आणि १९२९ साली न्यूयॉर्कच्या एका महिला प्रदर्शनात 'किचन प्रॅक्टिकल' नावाचं स्वयंपाकघर लोकांपुढे आलं.

त्यात काय होतं? शेगडी आणि कामाचा ओटा एकमेकांना चिकटून. ओट्याच्या वर खाण्याचं सामान, खाली पातेली आणि तवे. फ्रिज एका पावलावर. आणि चाकांचं एक छोटं टेबल, जे ओढून जवळ घेतलं की जादा ओटा होतो आणि जेवण झालं की त्यावरच उष्टी भांडी रचून सिंककडे ढकलत नेता येतात. बास. आज हे वाचून यात काय विशेष असं वाटेल. मोठ्या कल्पना शंभर वर्षांनी अशाच दिसतात.

गंमत आकड्यांत आहे. बाईंनी तुलना केली ती साधनं तीच ठेवून. तीच शेगडी, तेच सिंक, तेवढीच कपाटं, फक्त जागा बदललेल्या. एक केक करायला जुन्या मांडणीत ९७ क्रिया लागत होत्या, नव्या मांडणीत ६४. चालायची पावलं २८१ होती, ती ४५ झाली. एक पाऊल दोन फुटांचं धरलं (हे माझं गृहीतक), तर एका केकमागे साधारण १४४ मीटर चालणं वाचलं. आपल्या कॅन्टीनला दोनदा जाऊन यावं एवढं. आणि हे एका पदार्थाचं. दिवसाची तीन जेवणं, वर्षाचे ३६५ दिवस, हा गुणाकार तुम्हीच करा, कॅल्क्युलेटर आहेच.

यामागचं तंत्र कोणालाही घरी करून पाहता येईल असं आहे. खोलीचा नकाशा मापात काढून एका बोर्डावर लावायचा, आपल्याकडे थर्मोकोल चालेल. शेगडी, सिंक, फ्रिज, डब्यांची मांडणी, कचऱ्याची बादली, प्रत्येक जागी एक टाचणी. मग घरातली व्यक्ती एक पदार्थ करत असताना ती जिथून जिथे जाईल तसा दोरा टाचण्यांभोवती फिरवत जायचा. शेवटी दोरा सोडवून मोजायचा. हाच आपला स्ट्रिंग डायग्रॅम. दिवाळीच्या सुट्टीत नुसता चहा होताना करून बघा. साखरेचा डबा एका टोकाला, चहापूड दुसऱ्या, गाळणं सिंकवरच्या खिळ्याला आणि कप दाराजवळच्या स्टँडवर, असं निघालं तर नवल नाही. कोणी मुद्दाम तसं ठेवलेलं नसतं. घर जुनं होत जातं, वस्तू येत जातात, आणि जिथे जागा रिकामी सापडेल तिथे बसतात. बाईंचा नियम साधा होता: वस्तू तिथे ठेवावी जिथे ती पहिल्यांदा वापरली जाते, आणि एकत्र लागणाऱ्या वस्तू एकत्र. चहापूड-साखर-गाळणं-कप एका हाताच्या अंतरात, गॅसच्या बाजूला. त्याला सुतार लागत नाही, पैसेही नाहीत.

पण कपाटं करून घ्यायचीच असतील तर बाईंचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि नेमकं तेच लोकांनी सोडून दिलं. इथे फ्रँकची ती पहाड आठवा. काम करण्याची उंची काम करणाऱ्याच्या शरीरावरून ठरली पाहिजे, असं बाई सांगत. पाच फुटी बाई आणि पावणेसहा फुटी बाई एकाच उंचीच्या ओट्यावर उभ्या राहिल्या तर एकीचे खांदे जातात आणि दुसरीची कंबर. कामही बघावं लागतं. कणीक मळायला वरून भार द्यायचा असतो, म्हणून फळी जरा खाली हवी. सिंकमध्ये हात तळापर्यंत जातात, म्हणून सिंकची कड जरा वर. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना बाईंनी चार हजारांहून जास्त स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, शेगडी-सिंक वगैरेची योग्य उंची ठरवायला. बाजाराने मात्र त्यातून एक आकडा उचलायचं ठरवलं. कारखान्यात कपाटं एकाच मापाची काढणं स्वस्त पडतं. अमेरिकेत ३६ इंच हीच ओट्याची उंची रूढ झाली आणि आजही तीच चालते. चार हजार जणींना विचारून शेवटी सगळ्यांना एकच माप.

आपल्याकडे वेगळं काही नाही. ओट्याची उंची गवंडी ठरवतो, नाहीतर मॉड्युलर किचनवाल्याचा कॅटलॉग. जुनं घर नवं करायला काढलं की ग्रॅनाइटचा रंग, शटर्सचा लॅमिनेट आणि ट्रॉल्यांचं स्टील यावर आठ-आठ दिवस चर्चा होते. ओट्यासमोर रोज तीन तास उभं राहणाऱ्या माणसाच्या कोपराची उंची टेपने मोजल्याचं निदान मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या मेसच्या मावशी पोळ्या लाटताना पायाखाली लाकडी पाट घेतात. ती त्यांची स्वतःची इंजिनिअरिंग दुरुस्ती.

पायाने दाबल्यावर झाकण उघडणारी कचऱ्याची बादली आणि फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूचे कप्पे, म्हणजे अंड्यांचे खळगे, लोण्याची जागा, याचं श्रेयही गिलब्रेथबाईंना दिलं जातं. दार ही रिकामी पडलेली जागा होती, शिवाय सगळ्यांत आधी हाताला लागणारी. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी आयबीएमच्या सहकार्याने गृहिणीसाठी एक टेबल मांडलं. घड्याळ, रेडिओ, टेलिफोन, बेरजेचं मशिन, टाइपरायटर, हिशेबाच्या फायली, सगळं हाताशी. घर चालवणं म्हणजे मॅनेजमेंट आहे आणि मॅनेजरला टेबल लागतं, असा त्यामागचा विचार. हे टेबल काही घरोघरी गेलं नाही. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कामात हीच वस्तू सर्वांत धाडसी वाटते.

इथे एक शंका घेतलीच पाहिजे. पावलं वाचली, मिनिटं वाचली, ती गेली कुठे? रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आणि सोयी आल्या तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत, असं त्यांनी त्यात दाखवलं. स्वच्छतेच्या, पदार्थांच्या अपेक्षा वाढत गेल्या, आणि पूर्वी पुरुष, मुलं, नोकर जी कामं करत तीही एकटीवर आली. गिलब्रेथबाईंचा हिशेब यात चुकतो का? मला वाटतं, अर्धा चुकतो. कारखान्यात वाचलेला वेळ मालक घेतो की कामगार, हा प्रश्न त्यांना ठाऊक होता. घरातही तो आहे, आणि नुसती कपाटं हलवून तो सुटत नाही. पण आपल्या घरात बाईंनी तो सोडवला होता हेही खरं. अकरा मुलं, मुलगे आणि मुली दोन्ही, कामाच्या तक्त्यावर सह्या करून आपापला वाटा उचलत.

१९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना बोलावलं. तिथल्या इंजिनिअरिंग शाखेतल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, १९४० मध्ये फुल प्रोफेसर. माँटक्लेअरहून येऊन काही आठवडे मुक्काम करायचा तो विद्यार्थिनींच्या हॉस्टेलमध्ये. त्याच काळात विमानविद्या गाजवणारी अमेलिया इअरहार्टही पर्ड्यूत होती आणि तीही हॉस्टेलमध्येच उतरायची. म्हणजे एका जेवणाच्या हॉलमध्ये एकीकडे अटलांटिक पार केलेली वैमानिक आणि दुसरीकडे थर्ब्लिगवाल्या बाई. त्या पोरींचा हेवा वाटतो. आपल्या हॉस्टेलला पाहुणे म्हणून फक्त रेक्टरच येतात.

त्यांचं सर्वांत मोलाचं स्वयंपाकघर मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचं. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामावर कसं आणता येईल यावर गिलब्रेथ दांपत्याने अभ्यास केला होता, १९२० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. तो धागा बाईंनी परत उचलला. हृदयविकार झालेल्या स्त्रियांना डॉक्टर सांगत, श्रम करू नका. पण घरात दुसरं करणारं कोणी नसेल तर? त्यांच्यासाठी 'हार्ट किचन' तयार झालं. बसून काम करता येईल असा ओटा, खाली पाय जायला मोकळी जागा. जड भांडी उचलावी न लागता सरकवता येतील अशी रचना. रोजच्या वस्तू खांदा आणि गुडघा यांच्या दरम्यान, म्हणजे वर ताणायचं नाही आणि खाली वाकायचं नाही. कनेक्टिकट विद्यापीठाबरोबर अपंग गृहिणींसाठीही त्यांनी काम केलं. आता या माणसांना एकेक पाऊल खरोखर महाग होतं. तिथे २८१ चे ४५ होणं म्हणजे संध्याकाळी दम न लागणं. स्टँडर्ड ३६ इंच त्यांच्या काही उपयोगाचे नव्हते. मोजमाप माणसागणिकच घ्यावं लागत होतं.

पर्ड्यूतून त्या १९४८ मध्ये निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९६६ मध्ये हूवर पदक, तेही कोणा स्त्रीला पहिल्यांदाच. तेव्हा वय अठ्ठ्याऐंशी. २ जानेवारी १९७२ रोजी ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात त्यांचं निधन झालं. १९८४ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्या चित्राचं चाळीस सेंटचं तिकीट काढलं.

आता माँटक्लेअरच्या घरातलं स्वयंपाकघर. साऱ्या अमेरिकेला ओटे आखून देणाऱ्या या बाईंना स्वतःला स्वयंपाक फारसा येत नव्हता, आवडही नव्हती. घर जुनं आणि मोठं, स्वयंपाकघर जुन्या धाटणीचं, आणि त्यावर राज्य टॉम नावाच्या जुन्या गड्याचं. मोशन स्टडी वगैरे प्रकाराला तो अजिबात भीक घालत नसे. तिथे कुठली वस्तू कुठे ठेवायची हे टॉम ठरवायचा.